कॉलेज संपलं, प्रेस सुटली. नाशिकमध्ये छापचित्रं कशी चालू ठेवायची?

जेलरोडची_शाई

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय आणि जरा लांबणार आहे.

मी छापचित्रं करते. एचिंग (पत्र्यावरची रेघ रसायनाने खोदायची), ड्रायपॉइंट (ती सुईने थेट ओरखडायची), लिनोकट (लिनोलियमच्या मऊ शीटवर कोरायचं). बडोद्याला प्रिंटमेकिंग शिकले आणि दोन वर्षांपूर्वी घरी, जेलरोडला परत आले. कुणी विचारलं तर 'चित्रं काढते' एवढंच सांगते, कारण 'छापते' म्हटलं की नाशिकरोडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच छापखाना उभा राहतो. आमच्याकडे 'प्रेसमध्ये आहे' याला दुसरा अर्थच नाही. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात. माझे आजोबा तिथूनच निवृत्त झाले.

आधी आजोबांबद्दल सांगते, कारण माझं सगळं तिथूनच सुरू झालं. 35 वर्षं ते आत होते, पण घरी कामाबद्दल चकार शब्द नाही. जाताना झडती, येताना झडती. बाहेर आला तो फक्त त्यांचा अंगठा. मी सहा-सात वर्षांची असेन, ते मला डोळे मिटायला लावायचे आणि हातात शंभराची नोट द्यायचे. "नखाने नाही, अंगठ्याच्या पोटाने बघ." मग मी गांधीजींच्या चष्म्यावरून, कानावरून, खांद्यावरून अंगठा फिरवायची. शाई कागदाच्या वर उभी असते, हे मला वाचता येण्याआधी कळलं होतं. आता नव्या नोटा आल्यावरही त्यांनी सगळ्यांत आधी कडा तपासल्या. शंभराच्या कडेला चार तिरप्या रेघा, पाचशेच्या कडेला पाच, त्रिकोण कुठे, वर्तुळ कुठे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या उठावदार छापलेल्या असतात. आजोबा आज 84 वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांना जेमतेम दिसतं, आणि भाजीवाल्याला पैसे ते अंगठ्यानेच मोजून देतात.

बडोद्याला पहिल्याच आठवड्यात सरांनी इंटॅग्लिओ समजावलं. पत्र्यात रेघ खोल उतरवायची, त्या खाचेत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, मग भिजवलेला कागद ठेवून भरपूर दाबाने रोलरखालून काढायचा. दाबाने कागद खाचेत शिरतो आणि तिथली शाई उचलून आणतो. वर्गात सगळे वही काढून लिहीत होते. मी बाकाखाली अंगठा चोळत बसले होते.

आता अडचण. तिथे मोठी प्रेस होती, तीन जणांनी मिळून चाक फिरवायची. इथे माझ्याकडे काही नाही. लिनो मी घरी पळीने घासून छापते, ते जमतं. पण एचिंग-ड्रायपॉइंटला पळी पुरत नाही, शाई खाचेतच राहते. बडोद्याला 'छाप' ही कार्यशाळा आहे, तिथे जाऊन काम करता येतं, पण मी नाशिकरोडला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते आणि रजा म्हणजे बिनपगारी. काम मला नकोसं नाही. वाढदिवसाचे, नियुक्तीचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे बोर्ड. दिवसाला वीस-पंचवीस चेहरे फोटोतून कापून काढते. पगार वेळेवर होतो, घर चालतं.

दुसरी अडचण सांगायला जड जातं. बडोद्यात असताना आमच्या घराचा जिना मी अकरा वेळा कोरला. आजीची पत्र्याची पेटी, गच्चीवरचं वाळवण, पुरात बुडालेला दुतोंड्या मारुती, सगळं तिथे बसून केलं. आता रोज त्याच जिन्याने चढते-उतरते आणि कोरावंसं काही वाटत नाही. चार महिन्यांत एक पत्रा झाला नाही.

त्यात एका प्रदर्शनाला तीन छापचित्रं पाठवली होती, ती 'छापील प्रती स्वीकारल्या जात नाहीत' अशा शेऱ्यासह परत आली. खाली पेन्सिलीने 2/10, म्हणजे दहापैकी दुसरी प्रत, असं लिहिलेलं, सही केलेली. दहाच्या दहा प्रती मी हाताने शाई भरून, हाताने पुसून काढते, प्रत्येक प्रत मूळच असते, दहा झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो बाद करते. हे कुणाला आणि कसं समजवायचं?

तर विचारते: नाशिकमध्ये कुणी प्रेसशिवाय, किंवा घरच्या घरी प्रेस उभी करून काम करतंय का? आणि कॉलेज सुटल्यावर विषय हरवला तर तुम्ही काय केलंत? मला खरंच हे काम सोडायचं नाहीये.

---

सातपूर_टूलरूम

ताई, चित्रातलं मला कळत नाही, पण रोलर आणि दाब हे माझं रोजचं आहे. 28 वर्षं टूलरूममध्ये काढली, आता सातपूरला स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तुमची पोस्ट वाचून तुमच्या प्रेसचे फोटो बघितले. ही वस्तू नाशिकमध्ये बनत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

वरचा रोलर जाड भिंतीच्या सीमलेस पाइपचा करायचा, दोन्ही टोकांना प्लग वेल्ड करून शाफ्ट काढायचा, मग लेथवर एकाच सेटिंगमध्ये टर्निंग. साडेचार इंच व्यास आणि सोळा इंच लांबी घेतली तर तुमच्या घरगुती कामाला पुरेल. महत्त्वाचं एकच: डायल लावून रनआऊट, म्हणजे फिरताना रोलर किती हलतो ते, बघायचा. रोलर गोल दिसतो आणि गोल नसतो. तुमचा पत्रा एक-दीड मिलिमीटरचा, त्यावर ओला कागद, त्यावर फेल्ट म्हणजे लोकरीचं जाड कापड. तिथे दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी एका बाजूला शाई उठेल, दुसऱ्या बाजूला नाही. खालचा रोलर थोडा बारीक चालेल. बेड 12 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, सरफेस ग्राइंडिंग करून. बाजूच्या फ्रेम गॅसकटिंगने. पाइप आणि प्लेट मी अंबड-लिंक रोडच्या भंगारवाल्यांकडे बघतो, निम्म्यात मिळतं.

चाक थेट शाफ्टवर देऊ नका, एकट्या माणसाला फिरणार नाही. जुन्या मशीनची गिअरची जोडी मिळाली तर एकास चारचं रिडक्शन देऊ. फेल्ट पॉलिशिंगवाल्यांकडे मिळतो, पण तुम्हाला विणलेला नको, दाबून केलेला हवा ना? तेवढं सांगा.

एक प्रश्न आहे. वरच्या रोलरला दोन बाजूंना दोन स्क्रू येतील. ते साखळीने जोडून एकदम वरखाली व्हावेत, की वेगवेगळे ठेवू? जोडले तर वापरायला सोपं. मजुरीचं नंतर बघू, मला ही वस्तू स्वतःला करून बघायची आहे. माझे वडीलही प्रेसमध्येच होते, स्टॅम्पच्या बाजूला. त्यांनीही घरी कधी काही सांगितलं नाही.

---

सराफबाजार_कारागीर

प्रेस होईल तेव्हा होईल, तोवर एक सुचवतो. आमच्याकडे सोन्या-चांदीचा पत्रा ओढायचं रोलिंग मशीन असतं. दोन पोलादी रोल, वर स्क्रू, बाजूला दांडा. रुंदी जेमतेम चार-पाच इंच, पण दाब एवढा की चांदीच्या लगडीचा कागदासारखा पत्रा होतो. तुमचं छोटं चित्र त्यातून निघेल असं मला वाटतं.

अटी मात्र आहेत. जस्ताचा पत्रा माझ्या दुकानात आणू नका. जस्त, शिसं, कथील यांचा कण जरी सोन्यात गेला तरी सोनं बिघडतं, पुन्हा गाळावं लागतं. तांबं चालेल. तांब्याचा पत्रा भांडी बाजारात तुकड्याने मिळतो, गेज सांगितला की कापून देतात. आणि रोलवर ओरखडा पडता कामा नये, त्यावर आमचं पोट आहे. वरखाली स्वच्छ जाड कागद घालूनच फिरवायचं, पत्र्याच्या कडा आधी घासून गोल करायच्या.

तेजाबाच्या नादी घरात लागू नका. आमच्या आळीत माझ्या काकांसकट कितीतरी कारागीर त्या पिवळ्या धुराने खोकत म्हातारे झाले.

विषय नाही म्हणता, तर सकाळी दुकानं उघडायच्या आधी या. झारेकरी बायका येतात. दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ पाटीत घेऊन पाण्यात हलवत बसतात, चार चार तास, आणि शेवटी पाटीच्या काठाला मोहरीएवढी चमक उरते. मी लहानपणापासून बघतोय. त्यांच्या मनगटाची एक लय आहे, ती मला सांगता येत नाही. मला चित्र काढता येत असतं तर मी तेच काढलं असतं.

रात्री आठनंतर मशीन मोकळं असतं.

---

निवृत्त_कलाशिक्षिका

अगं मुली, तुझी पोस्ट दोनदा वाचली. 31 वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. दर वर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, त्यांची स्थिरचित्रं मांडली, तांब्या-पेला-लिंबू-निळं फडकं. तू ज्याला विषय हरवला म्हणतेस ते मी माझ्या अंगावर पंधरा वर्षं काढलंय, म्हणून लिहिते.

आमच्या पिढीला नाशिकमध्ये विषयाची ददात नव्हती. शिवाजी तुपे सरांनी जलरंगात गोदाकाठ असा काही उभा केला की आम्ही सगळे बोर्ड घेऊन रामकुंडावर. पहाटेचं धुकं, नारोशंकराची घंटा, ओल्या पायऱ्यांवरचं प्रतिबिंब. सरांच्या चित्रात पाण्याचा एक हात फिरलेला असायचा आणि पायरी ओली व्हायची. आम्ही तेच करायला गेलो आणि आमच्या पायऱ्या कोरड्याच राहिल्या. मला वाटलं, मला रंग लावता येत नाही. पुष्कळ उशिरा कळलं की मी घाटाकडे बघतच नव्हते, सरांच्या चित्राकडे बघत होते. त्या काळात मी चित्र सोडलं. शाळा, घर, सासूबाईंचं आजारपण. कुणी विचारलंही नाही की का सोडलं.

परत सुरू झालं ते बुधवारच्या बाजारात. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बुधवारी बाजार भरतो तो तुला माहीत आहेच. 2016 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतरचा बाजार होता, भिंतींवर पाणी कुठवर चढलं त्याची तपकिरी रेघ अजून ओली होती. एक बाई त्या रेघेखाली लसणाचा ढीग मांडून बसली होती आणि तिने पाठ टेकली तर रेघ बरोबर तिच्या डोक्यावरून दीड हात वर जात होती. पिशवीत भाजीच्या यादीचा कागद होता, त्याच्या मागे मी पेन्सिलीने तेवढंच काढलं: बाई, ढीग आणि रेघ. घाट नाही, देऊळ नाही. तेव्हापासून दर बुधवारी एक रेखाटन करते. सुंदर करायचं नाही, पण चुकवायचं नाही. साडेचारशेच्या पुढे गेली आहेत. त्यातली बरी म्हणावी अशी तीस असतील.

तुझ्या जिन्याचं म्हणशील तर तू बडोद्यात आठवणीतून कोरत होतीस. आम्ही परीक्षेला स्मरणचित्र आणि वस्तुचित्र असे वेगळे पेपर घ्यायचो, ते उगाच नाही. स्मरणचित्रात पटाईत असलेली मुलं समोर सुरई ठेवली की बावचळायची. ती मुलं मठ्ठ नव्हती, त्यांना दुसऱ्या पेपरचा सराव नव्हता एवढंच. तू आत्ता दुसऱ्या पेपरला बसली आहेस. वेळ लागेल.

नोकरीबद्दल तू बरोबर लिहिलंस, तिला नावं ठेवली नाहीस, मला आवडलं. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, कितीतरी वर्षं दिवसा एक्स-रे बघायचे आणि चित्रं काढायचे. त्यांच्या चित्रातली माणसं, ती लोकलमधली, रस्त्यावरची, शरीराने इतकी खरी वाटतात, त्यात त्या कामाचा वाटा नसेल असं मला वाटत नाही. चित्तप्रसाद अंधेरीच्या लहानशा घरात राहून लिनो कापत राहिले. झरीना हाश्मींनी आपण राहिलेल्या घरांचे नकाशे छापचित्रांत उतरवले. तुझ्या जिन्याचं वाचून मला त्याच आठवल्या. आणि आपले फाळके! सिनेमाच्या आधी तो माणूस छापणारा होता. त्र्यंबकला जन्म, 1885 ला जे. जे.ला गेले, पुढे लिथोग्राफी, राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम. शाईत हात घातलेल्या माणसांची या जिल्ह्याला सवय आहे.

आता काम सांगते. तुझ्या दुकानात बोर्डांसाठी प्लॅस्टिकच्या शीट कापतात ना? त्याचे तुकडे फेकून देत असतील. ते घरी आण. ड्रायपॉइंटला तांबंच लागतं असं नाही, टोकदार सुईने त्यावर छान रेघ उमटते, आमच्या एका विद्यार्थ्याने कंपासच्या टोकाने केलं होतं. पत्रा महाग म्हणून हात आखडतो, तो आखडायचा नाही. दुकानात जे चेहरे तू कापतेस त्यातला एक रोज संध्याकाळी आठवून तुकड्यावर ओरखड. न बघता. दुसऱ्या दिवशी फाइल उघडून ताडून बघ. दोन्ही पेपर एकदम होतील.

त्या 'छापील प्रती'वाल्या शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी चित्रासोबत शाई भरलेला पत्राच पाठव.

---

सुरगाण्याचा_गेरू

ताई, मी वारली चित्रं काढतो. गाव सुरगाण्याकडे, आता पेठ रोडला राहतो. रिसॉर्टच्या, हॉटेलच्या भिंती रंगवायची कामं मिळतात.

आमच्यात चित्र ठेवायचं नसतं. लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) काढतात, पालघट देवी काढतात, तांदळाचं पीठ आणि बांबूची चावून मऊ केलेली काडी. लग्न झालं, भिंत पुढे धुराने काळी पडते, पुन्हा गेरूने सारवली जाते. आईने काढलेला एकही चौक आज शिल्लक नाही, पण तो प्रत्येक लग्नात असतोच. तुमच्या दहा प्रतींचं वाचलं तेव्हा हे डोक्यात आलं. जिव्या सोमा मशे बाबांनी ते कागदावर आणलं, 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणून आज माझ्यासारख्याचं घर चालतं. त्यांचे उपकार आहेत.

पण मला रोज तारपाच (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) काढायला सांगतात. गोल नाच, मधे तारपा. गिऱ्हाईकाला तेच पाहिजे. मी तीन वर्षं तेच काढलं आणि हात मेल्यासारखा झाला. तुमची अडचण मला वेगळी वाटत नाही.

मग मागच्या साली गोडी छाटणीला आईसोबत दिंडोरीकडे द्राक्षबागेत गेलो. आमच्याकडची निम्मी माणसं पिकअपमध्ये उभी राहून त्या कामाला जातात. दिवसभर मांडवाखाली मान वर, हात वर. डिपिंगच्या वेळी एक-एक घड औषधात बुडवायचा, तरी हात वरच. दुपारी बांधावर बसून बघितलं तर सगळ्या बायका म्हणजे आमचीच चित्रं. दोन त्रिकोण, वर केलेले हात. नाचताना हात एकमेकांच्या कमरेला असतात, इथे वेलीला आहेत, एवढाच फरक. घरी येऊन कापडावर शेणाने सारवून तेच काढलं. सात फूट लांब मांडव आणि खाली 40 बाया. आईने बघितलं आणि कोण कुठली ते नावं घेऊन सांगितलं, वारली चित्रात तोंडच नसतं तरी. एकीची मान वाकडी काढली होती, तिचं नाव पहिलं घेतलं.

ते अजून विकलं गेलं नाही. विकायची घाई नाही. भिंतीवर तारपा काढतो, कापडावर हे.

---

जेलरोडची_शाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उत्तर द्यायला उशीर झाला कारण हात कामात होता. सगळ्यांचे मनापासून आभार.

बाई, तुमचं काम दुसऱ्या दिवशीच सुरू केलं. ग्लो-साइन बोर्डातून उरलेले पॉलिकार्बोनेटचे तुकडे मालकांनी हसत हसत पोतंभर दिले. गोधडीची सुई पेन्सिलीच्या लाकडात ठोकली. पहिले आठ दिवस न बघता काढलेला एकही चेहरा जुळला नाही. मी रोज त्या चेहऱ्यांच्या कडा कापते, म्हणून मला कडाच आठवत होत्या: केसांची रेघ, कानाची रेघ, कॉलर. आत काहीच नाही. मग मी तेवढंच कोरलं. श्रद्धांजलीच्या बोर्डावरच्या एका आजींची नुसती कड. पदर, कानाचा वेल, आणि आत कोरा कागद. आत चेहरा भरायचा मोह झाला, पण थांबले.

तो तीन बाय चार इंचाचा तुकडा घेऊन रात्री सराफ बाजारात गेले. दादांनी रोल आधी मऊ फडक्याने पुसून घेतले, मलाही हात धुवायला लावले. ऑफसेटची काळी शाई नेली होती. भरली, जाळीच्या कापडाने पुसली, शेवटी तळव्याला खडूची पूड लावून तळव्याने पुसली. कागद तासभर भिजवून टॉवेलमध्ये गुंडाळून नेला होता. पहिल्यांदा स्क्रू कमी पडला, फिकट आलं. दुसऱ्यांदा जास्त झाला, कागद कडेला फाटला. तिसऱ्यांदा दादा म्हणाले, दांडा मी फिरवतो, तुम्ही कागद सोडू नका. कागद उचलताना जो किंचित चिकट आवाज येतो ना, तो मी दोन वर्षांनी ऐकला. दादांच्या दोन्ही कारागिरांनी काम थांबवून बघितलं. पदराच्या रेघेला ड्रायपॉइंटची ती मखमली कड आली होती. दादा बराच वेळ बघून म्हणाले, "या कुणीतरी आमच्याकडे दागिना घडवायला यायच्या असं वाटतं." मी त्यांना सांगितलं नाही की ते कोण आहेत. मलाही माहीत नाही.

तेजाबाचं ध्यानात ठेवते. तांब्याला मी फेरिक क्लोराइड वापरते, इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डावरचं नको ते तांबं काढायला वापरतात ते. त्याचा धूर होत नाही, पण हातमोजे लागतात आणि मोरीत ओतायचं नसतं. झारेकरी बायकांकडे दोन सकाळी जाऊन बसले. पहिल्या दिवशी वही काढली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीनेच विचारलं, "लिहायचं काय असतं यात?" मी म्हटलं, तुमचं मनगट काढायचंय. तिने बांगड्या मागे सारल्या आणि पाटी परत हलवायला लागली.

गेरूदादा, तुमचं मांडवाचं कापड मला बघायचंय. पेठ रोडला कधी येऊ ते कळवा. तुमच्या आईंनाही भेटायचंय. वाकड्या मानेवरून माणूस ओळखणारं माणूस मला माझ्या चित्रांसाठी हवं आहे.

आता सातपूरच्या काकांसाठी. फेल्ट दाबूनच केलेला हवा, बरोबर ओळखलंत. स्क्रूचं उत्तर मला लगेच देता आलं नव्हतं, कारण कॉलेजात ते काम आमच्या तंत्रसहायकांचं होतं. परवा ती तिसरी प्रत वाळली, ती आजोबांना दिली. त्यांनी ती खिडकीजवळ वगैरे काही नेली नाही. मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि अंगठ्याच्या पोटाने वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे फिरवला. दोनदा. मला वाटलं, विचारतील कोणाचं चित्र आहे. ते म्हणाले, "डावीकडे दाब कमी पडलाय." मी कागद उजेडात धरून बघितला. पदर डावीकडे होता, आणि त्या टोकाची रेघ खरंच अर्ध्या केसाने बारीक आली होती.

मग पहिल्यांदा ते कामाचं बोलले. कुठल्या यंत्राचं वगैरे नाही, ते अजूनही नाही सांगत. एवढंच म्हणाले की दोन्ही बाजू एकदम आवळता आल्या तर माणूस आळशी होतो, प्रत्येक बाजूचं वेगळं ऐकावं लागतं.

तर काका, स्क्रू वेगवेगळे ठेवा. जोडू नका. रविवारी आजोबांना रिक्षाने सातपूरला घेऊन येते, रोलर लेथवर असेल तर त्यांना हात लावू द्याल का?

---

सातपूर_टूलरूम

रोलर रविवारपर्यंत फायनल कटला येईल. मशीन बंद करून ठेवतो. या. माझ्या वडिलांनाही बोलावतो, दोघं एकाच काळात आत असणार.